चौथ्या पानावरची ओळ

अंबरनाथपासून बदलापूरपर्यंत जेवढी माणसं राहतात, त्या सगळ्यांच्या वाट्याचा संशय एकट्या आमच्या भाऊजींनी स्वतःकडे ठेवून घेतला आहे, आणि म्हणूनच बाकीची माणसं इतकी सहज फसतात, असं माझं जुनं मत आहे. भाऊजी म्हणजे तुमच्या आजोबांचे मावसभाऊ. बदलापूर पूर्वेला शिरगावात राहतात आणि आमच्याकडे अंबरनाथला महिन्यातून दोनदा येतात. तुम्ही दोघं लहानपणी सुट्टीत आला होतात, तेव्हा ज्यांनी 'कोणी दिलं? का दिलं?' असं विचारून तुमच्या हातातलं चॉकलेट काढून घेतलं होतं, तेच हे. परत दिलं होतं, पण वेष्टनावरची तारीख वाचून झाल्यावर.

नोकरीची सगळी वर्षं त्यांनी एका रसायनांच्या कारखान्याच्या गेटवर काढली. सुटणाऱ्या प्रत्येक कामगाराचा डबा उघडून बघणं हे त्यांचं काम. निवृत्त झाल्यावर त्यांनी फक्त गेट सोडलं. घरी गॅसचा सिलिंडर आला की तो आधी भाऊजींच्या स्वतःच्या काट्यावर चढतो. फोनवर ओटीपी आला की शेजारच्या माणसालाच काय, स्वतःलाही तो फार दिसू नये अशा बेताने ते फोन उलटा ठेवतात. एकदा सिलिंडरवाल्या पोराला नंबर सांगायचा होता, तर त्यांनी निम्मा सांगितला आणि म्हणाले, "उरलेला सिलिंडर आत ठेवल्यावर." उल्हासनगरला कापड घ्यायला गेले की खिशातून शिंप्याची टेप काढतात. दुकानदार म्हणाला, "काका, मीटर मेरा भी सरकारी है." भाऊजी म्हणाले, "सरकारी आहे म्हणूनच मोजतोय."

पण त्यांची खरी कला बघायची तर झेरॉक्सवर. आपल्या कागदाची प्रत बाहेर जाऊन काय उद्योग करील याचा त्यांना भरवसा नसतो. म्हणून आधार असो, रेशनकार्ड असो, दाखला असो, प्रत हातातून सोडण्याआधी ते तिच्यावर निळ्या शाईने, ठसठशीत अक्षरात, आडवं लिहितात: 'फक्त अमुक कामासाठी. दुसऱ्या कशासाठीही नाही.' खाली सही, तारीख आणि वेळ. वाचनालयाचं कार्ड काढायला दिलेल्या आधारच्या प्रतीवर 'फक्त कथा-कादंबऱ्यांसाठी' असं लिहिलेलं मी स्वतः पाहिलं आहे.

असं हे सगळं हसण्यावारी चाललं होतं, ते केतकीचं कॉलेज येईपर्यंत. केतकी ही त्यांची नात. ती तीन वर्षांची असताना तिचे वडील गेले. मायलेकी भाऊजींकडेच राहतात; आई एका कंपनीत पॅकिंगला जाते आणि पालक म्हणून सही भाऊजींची असते. पोरगी हुशार निघाली. पुण्याकडच्या एका फार्मसी कॉलेजात तिला जागा मिळाली, आणि मुलींची शिक्षणाची फी सरकार भरतं असं मी भाऊजींना समजावून सांगितलं, तर त्यांचा पहिला प्रश्न, "मग ते कॉलेज काय खातं?" तरी अर्ज केला. उत्पन्नाचा दाखला पोर्टलवर चढवला आणि 'अस्पष्ट' असा शेरा घेऊन तो परत आला. मी बघितलं, तर उत्पन्नाच्या आकड्यावर बरोबर 'दुसऱ्या कशासाठीही नाही' बसलं होतं. नवीन प्रत काढली. भाऊजींनी या खेपेला अक्षर बारीक केलं, पण मग ओळी वाढल्या. तीही परत आली. तिसरी प्रत केतकीने घरी न नेता थेट माझ्याकडे आणली आणि आम्ही दोघींनी ती कोरीच पाठवली. हे त्यांना अजून माहीत नाही. फोनवर बोलताना तुम्ही सांगू नका.

शिक्षणाची फी सुटली, तरी हॉस्टेल आणि मेस उरलीच. आईच्या पगारात ते बसणारं नव्हतं. पुढच्या सोमवारपर्यंत हॉस्टेलचे पैसे भरले नाहीत तर खोली जाणार होती, आणि रोज बदलापूरहून पुण्याला जाऊन कोणी शिकत नाही. म्हणजे खोली गेली की कॉलेजही गेलं. स्टेशनजवळच्या सायबर कॅफेवाल्याने 'स्कॉलरशिप नक्की करून देतो, आधी प्रोसेसिंगचे भरा' असं सांगितलं होतं. भाऊजी त्याच्याकडे गेले आणि त्यांनी तीन प्रश्न विचारले. तिसऱ्या प्रश्नाला त्या माणसाला चहाची आठवण झाली आणि त्याने शटर ओढलं. तेव्हा संशय नेहमीच वाया जातो असं मी म्हणणार नाही.

मग मला उल्हासनगरातल्या एका ट्रस्टचा पत्ता लागला. फर्निचरचे जुने सिंधी व्यापारी, बायकोच्या नावाने ट्रस्ट काढलेला, दरवर्षी काही मुलांचा राहण्याजेवणाचा खर्च उचलतात. मी चार जणांकडून खात्री करून घेतली. फॉर्म इंग्रजीत होता, म्हणून तो आमच्या जेवणाच्या टेबलावर मी वाचत होते आणि भाऊजी पेन उघडून ऐकत होते. तीन पानं नीट पार पडली. चौथ्या पानावर, अगदी खाली, बारीक अक्षरात एक ओळ होती. ती मी गाळली असती तर कोणाला कळलंही नसतं. पण भाऊजी माझ्या वाचण्यावर विसंबून होते, आणि ते विसंबून राहतील अशी माणसं किती? मी वाचली. ट्रस्टच्या वार्षिक कार्यक्रमात विद्यार्थ्याने व्यासपीठावर येऊन सर्वांसमक्ष मदत स्वीकारावी, त्याचे फोटो ट्रस्टला वापरता येतील.

भाऊजींनी पेनाला टोपण लावलं.

"म्हणजे उभं करणार."

"आबा, दोन मिनिटांचं असतं ते. सगळेच जातात," केतकी म्हणाली.

"सगळे जातात म्हणूनच विचारतोय. हे देणारे पैसे मागत नाहीत, दुसरंच काहीतरी घेतात." एवढं बोलून त्यांनी चपला घातल्या. सही झाली नाही.

केतकीला हा सगळा हट्ट वाटला. मला मात्र कारण माहीत होतं, कारण तुमच्या आजोबांनी ते मला कधीतरी सांगितलं होतं. भाऊजी स्वतः कॉलेजात गेले होते. गावातल्या एका लाकडाच्या वखारवाल्याने त्यांची फी भरली होती. माणूस वाईट नव्हता, पण गावात कुठे सत्यनारायण असो, बारसं असो, लग्न असो, हा चारचौघांत हाक मारायचा, "उभा राहा रे. ह्याला मी शिकवतोय." भाऊजी उभे राहायचे. लोक बघायचे आणि परत आपल्या ताटाकडे वळायचे. दुसऱ्या वर्षी एका लग्नात, पंगतीत अर्धं जेवण झालेलं असताना हाक आली. भाऊजी उभे राहिले, हात धुतला आणि मांडवाबाहेर गेले. त्यानंतर ते कॉलेजातही गेले नाहीत. पुढच्याच महिन्यात कारखान्याच्या गेटवर लागले. घरात हे त्यांनी कोणाला सांगितलेलं नाही.

शनिवारी दुपारी मी तोच फॉर्म घेऊन शिरगावात गेले. समजवायचं काय ते रिक्षात ठरवलं होतं, पण भाऊजींसमोर बसल्यावर त्यातलं एकही वाक्य उपयोगाचं वाटेना. तेवढ्यात दारावर टकटक झाली. पांढरा सफारी, हातात काठी, सोबत कोणी नाही. ट्रस्टचे शेठ स्वतः आले होते; फॉर्म आणताना मी केतकीचं नाव आणि पत्ता तिथे लिहून दिला होता. मुलांची घरं बघायला ते दुसऱ्या कोणाला पाठवत नाहीत, आणि आधी कळवतही नाहीत. आत येऊन त्यांनी भिंती पाहिल्या, पंखा पाहिला, आणि कोणाला काही न विचारता फ्रिज उघडला.

"फ्रिज का उघडलात?" भाऊजींनी विचारलं.

"अंदर क्या है देखने को. पिछले साल एक के घर में दो एसी निकले, साईं. परदे के पीछे."

मी भाऊजींचा चेहरा बघत होते. राग यायला हवा होता, पण तिथे पहिल्यांदाच मला आदर दिसला. तरी आपलं काम त्यांनी सोडलं नाही. "तुमचा ट्रस्ट खरा कशावरून?" शेठनी पिशवीतून नोंदणीची प्रत काढून पुढे केली. तिच्यावर हिरव्या शाईने आडवं लिहिलेलं होतं, 'सिर्फ दिखाने के लिए.' भाऊजींनी ती उजेडाकडे धरून दोन्ही बाजूंनी पाहिली आणि खुर्ची पुढे सरकवली. "बसा," म्हणाले.

चहा आला. शेठ म्हणाले, "पोरगी चांगली आहे. घर सच्चा आहे. साइन कर दो."

भाऊजींनी फॉर्मचं चौथं पान उघडलं. माझ्या पर्समधली पट्टी मागून घेतली, कारण ते वेडीवाकडी रेघ मारत नाहीत, आणि ती शेवटची ओळ या टोकापासून त्या टोकापर्यंत खोडली. बाजूला सही केली. "आता करतो बाकीची," म्हणाले. केतकीच्या आईने ट्रे खाली ठेवला. केतकी जमिनीकडे बघत होती. सोमवारला एकच दिवस मध्ये होता.

शेठनी चष्मा लावला आणि खोडलेली ओळ वाचली. मग परत वाचली.

"ये लाइन मैंने ही डलवाई थी. आज तक किसी ने पढ़ी नहीं."

"वाचली असेल," भाऊजी म्हणाले. "बोलले नसतील."

शेठनी चष्मा काढला. त्यांनी भाऊजींकडे पाहिलं, केतकीकडे पाहिलं. "जिसके नाम का ट्रस्ट है ना," ते म्हणाले, "उसको खुद स्टेज पे जाने में शरम आती थी. फंक्शन में पीछे बैठती थी." आणि त्यांनी भाऊजींचंच पेन उचलून त्यांच्या सहीशेजारी आपली सही केली. जाताना दारात थांबून विचारलं, "चाय में शक्कर नहीं थी ना? मला डायबेटिस आहे."

"प्यायच्या आधी विचारायचं असतं," भाऊजी म्हणाले.

सोमवारी पैसे थेट कॉलेजात पोचले. भाऊजी नातीला सोडायला गेले आणि हॉस्टेलच्या वॉचमनबद्दल त्यांनी मला कळवलं, "माणूस बरा आहे, वहिनी. मलासुद्धा आत सोडलं नाही." आता केतकी तिसऱ्या वर्षाला आहे. ट्रस्टच्या कार्यक्रमाला ती दरवर्षी जाते, खाली खुर्चीवर बसते, आणि शेठनी दिलेला शब्द पाळला आहे. तिला कोणी वर बोलावत नाही.

यंदाचा कार्यक्रम रविवारी सकाळी होता. मीही गेले होते. सगळी मुलं वर जाऊन आली, आभार झाले, लोक चपला शोधू लागले, आणि केतकी उठली. सरळ व्यासपीठावर गेली आणि तिने माइक मागून घेतला. "मला कोणी बोलावलेलं नाही," ती म्हणाली. "मी आपणहून आले." मग तिने शेठचे आभार मानले, आणि आपल्या आजोबांनी फॉर्म शेवटच्या ओळीपर्यंत वाचला म्हणून त्यांचेही. तीन-चार वाक्यांचंच होतं. भाऊजी माझ्या शेजारी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसले होते, आणि ती खाली येऊन बसेपर्यंत तसेच होते.

परतताना आम्ही तिघं एकाच रिक्षात होतो. मला अंबरनाथला सोडून ते दोघं पुढे बदलापूरला जाणार होते.

"तुला कोणी सांगितलं होतं वर जायला?" भाऊजींनी विचारलं.

"कोणीच नाही, आबा."

"शेठने खूण केली?"

"नाही."

"तो फोटोवाला?"

"आबा, मला बोलावंसं वाटलं."

रिक्षा सिग्नलला थांबली, सुटली. भाऊजी बाहेर बघत होते. मग माझ्याकडे न वळता म्हणाले, "मांडवातून उठलो ते बरोबरच होतं, वहिनी. पण कॉलेज सोडायला नको होतं बहुतेक."

मला ते माहीत आहे हे त्यांना कधी कळलं, कोणास ठाऊक. केतकीने फोन खाली ठेवला. "कुठलं कॉलेज, आबा?"

मला वाटलं, आता ते 'तुला कशाला हवंय?' म्हणतील. पण त्यांनी घसा साफ केला आणि सांगायला सुरुवात केली. गावापासून, कॉलेजच्या पहिल्या दिवशी घातलेल्या उसन्या शर्टापासून, अगदी सावकाश. मी अंबरनाथला उतरले, तेव्हा ते अजून पहिल्या वर्षातच होते.