कापलेली स्प्रिंग

त्या बाई एका महिन्यात तिसऱ्यांदा दुकानात आल्या तेव्हा बाबा चहाला गेले होते. बरं झालं, असं मला वाटलं आणि तसं वाटल्याची लाजही वाटली.

आमचं दुकान शहराच्या लष्कर नावाच्या भागात, टोपी बाजाराच्या मागच्या गल्लीत होतं. लायसन्सच्या बंदुका दुरुस्त करायचं दुकान. पूर्वज दख्खनेतून फौजेबरोबर इकडे उत्तरेत आले ते शिपाई म्हणून. आजोबांनी बंदूक ठेवून हातात कानस घेतली आणि बाबांनी तीच पुढे चालवली. मी शाळेत फिजिक्स शिकवते. आई गेल्यानंतर बाबा दोनदा दुकान सताड उघडं टाकून माधवगंजला घरी निघून आले. शस्त्रांचं दुकान! तेव्हापासून शाळा सुटली की मी थेट दुकानात यायचे. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं होतं. ते नाव आम्ही दोघंही घरात घेत नव्हतो.

बाई सत्तरीच्या, निवृत्त नर्स. झाशी रोडच्या बाजूला, वस्ती संपते तिथे एकट्याच राहायच्या. नवरा वारल्यावर त्याचं छोटं पॉइंट टू-टूचं रिव्हॉल्वर रीतसर त्यांच्या नावावर झालं होतं. घोडा अंगठ्याने मागे ओढून मग चाप दाबला की त्याची प्रत्येक गोळी सुटायची. पण बाईंच्या अंगठ्याचा सांधा सुजून कडक झाला होता. त्यांना नुसता चाप दाबूनच काम भागवायचं होतं, आणि तसं केलं की सहातल्या दोन गोळ्या सुटायच्या, बाकीच्या चार वेळा नुसतं ‘खट’.

“बेटा, फिर वही,” त्या म्हणाल्या आणि रिव्हॉल्वर व रुमालात बांधलेली काडतुसं त्यांनी काउंटरवर ठेवली.

पहिल्यांदा बाबांनी त्यांना सांगितलं होतं, कारतूस जुने आहेत. त्यांनी नवीन घेतले. दुसऱ्यांदा बाबांनी सिलिंडरची सहाही घरं घासून साफ करून दिली. यात काही चूक नव्हतं. घरात काजळी साचली की काडतूस पूर्ण आत बसत नाही आणि घोड्याच्या पिनेचा फटका वाया जातो. पण दोन्ही उपाय करून झाले होते आणि ‘खट’ तसंच होतं.

मी रुमाल सोडून काडतुसं भिंगाखाली धरली. या जातीच्या काडतुसात पेट घेणारा मसाला बुडाच्या कडेत भरलेला असतो. पिनेने ती कड नीट चेपली तरच गोळी सुटते. न सुटलेल्या चारांवर नखाने दाबल्यासारखी पुसट खूण होती. घोड्याला जोरच नव्हता. नुसता चाप दाबला की घोडा अंगठ्याने ओढल्याइतका मागे जातच नाही, थोडा अलीकडूनच सुटतो. म्हणून स्प्रिंग कमजोर असली की ती आधी तिथे उघडी पडते.

बाईंना पावती देऊन मी दुसऱ्या दिवशी यायला सांगितलं. जाता जाता त्या म्हणाल्या, “पहले तो ठीक थी. बस ट्रिगर भारी था, तो भाईसाहब ने हल्का कर दिया था.”

त्या गेल्यावर मी रिव्हॉल्वरची मूठ उघडली, स्प्रिंग काढली आणि डब्यातली कारखान्याची नवी स्प्रिंग तिच्याशेजारी उभी केली. जुनी अडीच वेढ्यांनी आखूड होती. कापलेलं टोक सपाट घासून आरशासारखं चकचकीत केलेलं होतं. असं टोक आमच्या गल्लीत दुसरं कुणी घासत नसे.

मी दहा-अकरा वर्षांची असताना बाबांनी मला या धंद्यातली पहिली गोष्ट शिकवली होती. चाप जड वाटला तर आतले भाग घासा, तेल द्या, वेळ लागू दे. स्प्रिंग कापायची नाही. हलका चाप गिऱ्हाईकाला दुकानात आवडतो आणि गरजेच्या वेळी त्याचा जीव घेतो. हे सांगताना त्यांनी माझा कान धरला होता, गमतीने, पण धरला होता.

ती स्प्रिंग खिशात घालावी असं ठरवेपर्यंत बाबा दारात उभे होते.

“काय आहे हातात?”

मी दिली. दुसरं काय करणार होते? त्यांनी ती उजेडात फिरवली आणि त्यांचा चेहरा लाल झाला.

“कुणी कापली ही? कुठल्या गाढवाने?”

“माहीत नाही, बाबा.”

“एकटी बाई राहते ती! उद्या कुणी दार तोडून आत आलं तर? असल्या लोकांचं लायसन्स जप्त करायला पाहिजे.”

रागातच त्यांनी नवी स्प्रिंग बसवली. सकाळी जेवले की नाही हे न आठवणारा माणूस, पण बोटं एकदाही अडखळली नाहीत. मागच्या खोलीतल्या वाळूच्या पेटीत त्यांनी नुसता चाप दाबून बारा गोळ्या झाडल्या. बाराच्या बारा सुटल्या. “बघ,” ते म्हणाले, आणि कितीतरी महिन्यांनी मी त्यांना हसताना पाहिलं.

दुसऱ्या दिवशी बाई आल्या. मी त्यांना बाहेरच गाठणार होते, पण बाबा आधी उठले.

“आपने ये कहीं और दिखाई थी?”

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. आयुष्यभर वॉर्डात काढलेल्या त्या बाईंना माझ्या मान खाली घालण्यातून काय कळायचं ते कळलं असावं.

“हाँ भाईसाहब,” त्या म्हणाल्या. “गलती हो गई.”

मग बाबा त्यांना बोलले. खूप बोलले. शिकलेल्या असून अक्कल कशी नाही, स्वस्तात काम करून घ्यायची सवय वाईट, नवऱ्याच्या वस्तूची अशी नासाडी. रस्त्यावरची दोन माणसं थांबून ऐकू लागली. बाई काउंटरची कड धरून उभ्या होत्या. बोलणं संपल्यावर त्यांनी “जी” म्हटलं आणि रिव्हॉल्वर पिशवीत ठेवून निघून गेल्या. आजही त्या दिवशीचं माझं मिटलेलं तोंड मला माफ करता येत नाही.

आठवड्याभराने मी शाळेतून आले तेव्हा बाबा दिवा जवळ ओढून बसले होते. डोळ्याला भिंग, चिमट्यात तीच स्प्रिंग.

“ही मी कापली आहे,” ते म्हणाले.

“नाही हो, बाबा.”

“मला माझं काम ओळखता येत नाही का?” आवाज अगदी हळू होता. “आणि त्या बाईंना मी काय काय बोललो.”

त्यांना त्याच क्षणी जायचं होतं. मी शटर ओढलं आणि ऑटो केला. वाटेत ते ओठांतल्या ओठांत वाक्य जुळवत होते, हिंदीत, पुन्हा पुन्हा तेच. स्टेशनजवळ गर्दीत ऑटो बराच वेळ अडकला. ओठ हलायचे थांबले तेव्हा ते विसरले हे मी समजले, तरी ऑटो वळवायला सांगितलं नाही.

बाईंनी आम्हाला अंगणात खुर्च्या दिल्या, चहा केला. बाबा झाडं बघत होते. मग त्यांनी अदबीने विचारलं, “आपकी तबीयत कैसी रहती है?” बाई म्हणाल्या, “अच्छी है, भाईसाहब.” बाबांनी दोनदा माझ्याकडे पाहिलं, मूल शाळेत कविता विसरल्यावर पाहतं तसं. सांगायचं ते मीच सांगून टाकलं, चहाचे कप आत नेताना, स्वयंपाकघराच्या दारात. बाईंनी माझ्या हातातून कप घेतले. “अब इन्हें दुकान पर मत बिठाना,” एवढंच त्या म्हणाल्या.

त्या हिवाळ्यात आम्ही दुकानाचं लायसन्स परत केलं. अवजारं झाशीच्या एका कारागिराने नेली. बाबा हसतमुखाने त्याला एकेक कानस दाखवत होते, जणू दुसऱ्या कुणाचं सामान होतं.

आता ते फारसं बोलत नाहीत. दूधवाला, शेजारीण, डॉक्टर, घरात कुणीही आलं की मात्र उठून उभे राहतात आणि हात जोडून “गलती हो गई” म्हणतात. लोक ओशाळतात. “अरे बाबूजी, कैसी गलती?” विचारतात. बाबा बराच वेळ आठवत उभे राहतात, मग मी त्यांना धरून खाली बसवते.