रेलवरचा गद्रे

चाळिशी उलटल्यावर यशोधन गद्रेला स्कीइंगचं वेड लागलं, असं न्यूझीलंडमधल्या आमच्या हॅमिल्टनच्या मराठी मंडळात सगळे म्हणायचे. साफ चूक. वेड होतं ते त्याच्या मुलीचं. स्कीइंग मधे आलं, एवढंच.

यशोधन गावातल्या रोटोटुना भागात आमच्या शेजारच्या घरात राहायचा. माझ्या नवऱ्याचा, रमणचा, पुण्याच्या कॉलेजातला मित्र. दुधाच्या कारखान्यांना लागणारी यंत्रं बनवणाऱ्या एका कंपनीत इंजिनीअर. उंच, किडकिडीत, बोलायला महाकंजूष आणि कामाला वाघ. जेवायला बोलावलं तर जेवण झाल्यावर आमचा गळका नळ दुरुस्त करून जायचा, आणि आभार मानले की अवघडून दाराबाहेर पळायचा. दोन हजार चार साली त्याचं आणि त्याच्या बायकोचं, सुनीतीचं, फाटलं. भांडण असं झालंच नाही. झालं असतं तर बरं, असं मला वाटायचं, कारण भांडणात निदान माणूस बोलतो. सुनीती ऑकलंडच्या फ्लॅट बुश उपनगरात राहायला गेली आणि अकरा वर्षांची श्रिया तिच्याबरोबर गेली. एक सोडून एका शनिवार-रविवारी श्रिया बापाकडे यायची. शुक्रवारी संध्याकाळी दोन्ही गाड्या वाटेवरच्या बॉम्बे नावाच्या गावातल्या पेट्रोल पंपावर भेटायच्या. पोरगी एका गाडीतून उतरून दुसरीत बसायची.

श्रियाला शाळेच्या ट्रिपमध्ये बर्फाची गोडी लागली आणि मग हिवाळ्यात तिला दुसरं काही सुचेना. पहिल्या वर्षी यशोधन तिला रुआपेहूच्या डोंगरावर घेऊन जायचा आणि दिवसभर खालच्या कॅफेत पेपर वाचत बसायचा. तीन तास गाडी हाकायची, तीन तास परत यायचं, आणि मधल्या वेळात पोरगी वर आणि बाप खाली. पुढच्या वर्षी त्याने स्वतःच स्की पायाला बांधल्या. त्रेचाळीस वर्षांचा बाप्या चार वर्षांच्या पोरांच्या वर्गात उभा राहून शिकला. मंडळात हसून हसून लोकांची पुरेवाट झाली. मीही हसले.

श्रियाला साधं घसरत खाली येण्यात रस नव्हता. तिला पार्क हवं. स्कीचं पार्क म्हणजे डोंगराचा एक पट्टा, जिथे करामती करायला एका बाजूला बर्फाचे मोठे उंचवटे रचलेले असतात आणि दुसऱ्या बाजूला लोखंडी रेल रोवलेल्या असतात. उंचवट्यावरून हवेत उडायचं, गिरकी घ्यायची आणि खाली उतरायचं, ही जंप. आणि रेल म्हणजे जिन्याच्या कठड्यासारखी लांब नळी. तिच्यावर आडव्या स्की घेऊन चढायचं आणि घसरत दुसऱ्या टोकाला जायचं. मी एकदा दोघांबरोबर गेले होते तेव्हा कॅफेच्या गच्चीवरून पाहिलं. जंपच्या बाजूला ही गर्दी, शिट्ट्या, कॅमेरे. रेलच्या बाजूला दोन-चार पोरं आणि आमचा गद्रे.

आणि खरं सांगते, गद्रे रेलवर उत्तम होता. हलत नाही, डुलत नाही, नजर पलीकडच्या टोकावर. तिथली विशीतली पोरं त्याला अंकल म्हणायची आणि त्याची पाळी आली की थांबून बघायची. पण जंपवर तो संपलाच. जमीन सुटली की त्याचे गुडघे ताठ व्हायचे, हात पंख्यासारखे फिरायचे आणि तो ढुंगणावर आदळायचा. दोन हिवाळे त्याने प्रयत्न केला. तिसऱ्या हिवाळ्यात डॉक्टरांनी माकडहाडाचा एक्स-रे दाखवून त्याला समजावलं. श्रियाचं बरोबर उलटं. हवेत ती जन्मापासून राहत असावी अशी वाटायची. रेलवर मात्र एकदा बापाच्या आग्रहाने चढली, तिची स्की अडकली आणि नडगी टरारून सुजली. "रेल्स आर नॉट माय थिंग, बाबा," तिने सांगून टाकलं.

म्हणजे झालं काय, बाप मुलीसाठी शिकला आणि पार्कात पोचल्यावर दोघं दोन बाजूंना. एकत्र वेळ उरला तो लिफ्टमधला. तारेला टांगलेल्या खुर्चीत बसून पुन्हा डोंगरावर जायचं, तेवढाच. "पण लिफ्टमध्ये ती बोलते, नीता," तो मला म्हणाला होता. "शाळेचं सांगते, मैत्रिणींचं सांगते. खाली कुठेच नाही बोलत." त्या खुर्चीसाठी तो पंधरवडाभर जगायचा. सोमवारी त्याच्या चेहऱ्यावरून मला कळायचं, लिफ्टमध्ये किती बोलणं झालंय ते.

दोन हजार सातच्या हिवाळ्यात श्रिया चौदाची झाली आणि डोंगरावर तिला मैत्रिणी मिळाल्या. चौघींची खुर्ची. बाप मागच्या खुर्चीत अनोळखी माणसांबरोबर. त्याने तक्रार केली नाही. तक्रार कशी करतात हे त्याला ठाऊकच नव्हतं. त्याने त्याच्या पद्धतीने उपाय शोधला.

जुलैतला, म्हणजे इकडच्या ऐन हिवाळ्यातला गुरुवार होता. मी भाजणीचा डबा द्यायला गेले तर गॅरेजचं दार उघडं, आणि यशोधन श्रियाच्या स्की बाकावर आवळून कानस चालवत होता. मी विचारलं तेव्हा एवढा बोलला की मलाच नवल वाटलं. स्कीच्या कडेला पोलादी पट्टी असते, तिला धार असते. ती धार बर्फात रुतते म्हणून स्की वळते. पण रेलवर तीच धार लोखंडात अडकते आणि माणूस आपटतो. म्हणून रेलवाले पायाखालची धार कानसीने मारून टाकतात. त्याच्या स्वतःच्या स्की तशाच होत्या. "तिची नडगी सुजली ती धारेमुळे. तिला वाटतं, आपल्याला जमत नाही. आता जमेल. आली एकदा माझ्या बाजूला, तर आवडेल तिला."

"तिला सांगितलंस?" मी विचारलं.

"सरप्राइज आहे," तो म्हणाला. त्याच्या तोंडी तो शब्द मी पहिल्यांदाच ऐकला. इतका खूश होता की मी पुढे काही बोलले नाही.

त्या शनिवारी मीही बरोबर होते. आदल्या रात्री पाऊस पडून गोठला होता आणि डोंगर काचेसारखा टणक झाला होता. लिफ्टच्या रांगेत श्रियाच्या मैत्रिणी तिची वाटच बघत होत्या. यशोधनने तोंड उघडलं, "श्रिया, आज जरा..." तोवर चौघी खुर्चीत बसल्यासुद्धा. पहिल्या फेरीनंतर ती खाली आली तेव्हा म्हणाली, "हीप्स आइसी टुडे, बाबा. काही ग्रिपच नाहीये." त्याला तिथेच सांगता आलं असतं. पण पोरी हाका मारत होत्या आणि चौघींसमोर आपलं सरप्राइज उलगडायचं त्याला लाजल्यासारखं झालं. पुढच्या फेरीत सांगू, असं त्याने ठरवलं.

पुढच्या फेरीत ती मोठ्या जंपवर गेली. गिरकी घ्यायची तर उडण्याआधी स्कीच्या कडेवर भार द्यावा लागतो. तिने दिला, आणि कडेला धारच नव्हती. स्की निसटली, पोरगी आडवीतिडवी हवेत गेली आणि खांद्यावर पडली. मी गच्चीवरून पाहिलं. यशोधन रेलवरून उतरून धावत सुटला, जड स्कीबूट घालून, चढावर. गळपट्टीचं हाड मोडलं होतं आणि मनगटही. सुनीती ऑकलंडहून आली आणि मुलीला घेऊन गेली. यशोधनने घरी येऊन स्कीला पुन्हा धार लावली. माझ्याखेरीज कुणालाच काही कळलं नाही.

पुढच्या हिवाळ्यात श्रिया परत आली तेव्हा मैत्रिणी दुसऱ्या डोंगरावर जायला लागल्या होत्या आणि तिचा धीर गेला होता. जंपच्या जवळसुद्धा फिरकेना. "आय वॉना ट्राय रेल्स," ती म्हणाली. तिने स्वतः विचारून स्कीची धार मारून घेतली आणि बापाच्या मागोमाग रेलवर चढायला लागली. आणि लिफ्टमध्ये आता फक्त दोघं.

त्या हिवाळ्यात पाहिलं तसं यशोधनला मी आधी कधी पाहिलं नव्हतं. मंडळाच्या जेवणात त्याने स्वतःहून चार वाक्यं बोलून दाखवली. श्रीखंड दुसऱ्यांदा मागून घेतलं. रमण म्हणाला, "गद्रे सुधारला." मला मात्र त्याचं ते हसणं बघवायचं नाही, कारण ते कशावर उभं आहे हे आम्हा दोघांनाच ठाऊक होतं.

ऑगस्टमध्ये एका रविवारी संध्याकाळी तो आमच्याकडे आला. रमण बाहेर गेला होता. चहाचा कप त्याने उचलला आणि तसाच खाली ठेवला. मग म्हणाला, "ती रेलवर चांगली नाहीये, नीता. मन लावून करते, पण तिचं ते नाही. पाळीची वाट बघताना जंपकडे बघत राहते. काल लिफ्टमध्ये मला म्हणाली, आय डोन्ट इव्हन नो व्हॉट आय डिड राँग, बाबा. रोज रात्री ती उडी आठवते म्हणे. काय चुकलं ते शोधत बसते."

मी त्याला स्पष्ट सांगितलं, गप्प बस. पोरगी पंधराची आहे, आणखी वर्षभराने तसाही तिला बाप नकोसा होणार. हाडं जुळली, धार लागली, विषय संपला. तुझ्या वाट्याला एवढे शनिवार आलेत, ते घे. आजही माझं मत तेच आहे. खरं बोलण्याचं कौतुक मला इतरांपेक्षा कमी आहे, कारण त्यानंतर रिकाम्या घरात कोण बसतं ते मी शेजारून बघितलंय.

"तिला वाटतंय तिचं चुकलं," तो पुन्हा म्हणाला.

"वाटू दे."

"नाही," तो म्हणाला. "तू पुढच्या वेळी चल बरोबर. मला एकट्याला जमणार नाही."

म्हणून पंधरवड्याने मी कॅफेतल्या त्या टेबलापाशी होते. श्रियासमोर हॉट चॉकलेट, त्याच्यासमोर काहीच नाही. त्याने सांगितलं. जेवढं होतं तेवढंच, मराठीतून, टेबलाकडे बघत. कानस, गुरुवार, सरप्राइज, रांगेतली पोरींची गर्दी. मुद्दाम नव्हतं, हेसुद्धा तो म्हणाला नाही. ते मलाच म्हणावं लागलं.

श्रियाने हॉट चॉकलेटचा कप बाजूला सारला. मला वाटलं, रडेल. ओरडेल. तिने विचारलं ते एवढंच, "सो माय टेक-ऑफ वॉज फाइन?"

"तुझं काहीच चुकलं नव्हतं," यशोधन म्हणाला.

"अ होल इयर, बाबा," ती म्हणाली. मग उठली आणि बाहेर गेली. तिथल्या दुकानात तिने भाड्याने दुसऱ्या स्की घेतल्या, धार असलेल्या. मी गच्चीवर आले तेव्हा ती जंपच्या वरच्या टोकाला उभी होती. खूप वेळ उभी राहिली. माझ्याशेजारी यशोधन कठडा धरून उभा. मग ती निघाली, आणि वर्षभर बंद ठेवलेलं पाखरू सोडावं तशी हवेत गेली, पूर्ण फिरली आणि दोन्ही पायांवर उतरली. खालच्या अनोळखी पोरांनी हात वर केले. यशोधनच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्याच्या लक्षात नव्हतं. आनंदाचं होतं की कसलं, मी विचारलं नाही. मला त्याचा राग आला होता आणि मलाही रडू येत होतं.

संध्याकाळी गाडीत ती मागे बसली, आणि वाटेतलं टे कुइटी गाव मागे पडलं. मग म्हणाली, ऑकलंडमधली काही मुलं दर शनिवारी व्हॅन काढतात, पुढच्या वेळेपासून ती त्यांच्याबरोबरच जाईल. रविवारी जमलं तर हॅमिल्टनला येईल. आवाजात राग नव्हता. राग असता तर मी तिला समजावलं असतं.

"स्वीट ॲज," यशोधन म्हणाला. इकडची पोरं 'चालेल की' अशा अर्थाने म्हणतात तसं, पण त्याच्या पुणेरी उच्चारात ते कसंतरीच वाटलं.

रविवारी जमणं हळूहळू कमी झालं. चौथ्या की पाचव्या शनिवारी अंधारातच त्याची गाडी सुरू झाल्याचा आवाज मी ऐकला. परत आला तेव्हा मी कुंपणापाशी उभी होते. रेलवर गेला होता, दिवसभर एकटाच. श्रिया भेटली का, विचारलं. पलीकडच्या बाजूला होती म्हणाला, पोरांच्या घोळक्यात. नवीन काहीतरी करते आहे, उलटं उतरते. त्याच्याकडे बघायला तिला सवड झाली नसेल.

मला राहवलं नाही. "अरे, ती तुझ्याबरोबर येत नाही, तुझ्याशी बोलत नाही. जंप तुला जमत नाही. मग आता तीन-तीन तास गाडी हाकत कशाला जातोस?"

त्याने गाडीच्या टपावरून स्की उतरवल्या, पाणी निथळायला भिंतीला टेकवून ठेवल्या.

"ती असते ना तिथे," तो म्हणाला.