जळका ऊस आणि भिजलेला गहू

त्या उसाची राख माझ्या मनातून काही केल्या झाडली जात नाही. पुढच्या नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. पण सख्ख्या भावाचं भलं झालेलं बघून माणूस आतून किती जळतो, ते मला त्या प्रकरणात कळलं.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी रिसोड ठाण्यात फौजदार होतो. वाशीम तेव्हा जिल्हा झाला नव्हता, आमचे वरिष्ठ अकोल्याला बसत. मुलूख ज्वारी-कापसाचा, ऊस म्हणजे अपूर्वाईचं पीक. एका गावात दोन भावांची वाटणी झाली होती. विहीर तेवढी सामाईक, पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या. थोरला गहू पेरायचा. धाकट्यानं ऊस लावला आणि शेजारच्या जिल्ह्यातल्या कारखान्यानं तो घ्यायचं कबूल केलं. तिथली साखर परदेशात जाते असं कोणीतरी बोललं, झालं, धाकटा बाजारभर सांगत सुटला, "आपल्या उसाची साखर बोटीत बसून जाते आता!" पाहुणेरावळे मुद्दाम ऊस बघायला येऊ लागले. त्याचं बघून आणखी दोघातिघांनी ऊस लावला.

एका दुपारी थोरला धापा टाकत ठाण्यात आला.

"साहेब, माह्या भावाचा ऊस पेटला! तोडणीवाल्या टोळीच्या मुकादमानंच पेटवला. कालच भांडून राह्यला होता त्याच्यासंग."

डायरीत नोंद करून आम्ही जीप काढली. पोहोचलो तेव्हा गावकऱ्यांनी मुकादमाला बाभळीला बांधून ठेवलं होतं आणि दोनचार जणांनी हात साफही करून घेतले होते. मी त्याला जीपमध्ये घातलं. ताब्यात घेतला म्हणण्यापेक्षा वाचवला म्हणा. त्याची बायको जीपच्या मागे पळत ओरडत होती, "धनी आत गेला तर आमची टोळी कुठं जाईल हो?" आग लावून नुकसान केल्याचं कलम ४३५ लागलं असतं तर तो सरळ तुरुंगात गेला असता आणि बीडकडून पोट भरायला आलेल्या त्या टोळीला दुसऱ्या कुठल्या गावानं उभं केलं नसतं.

भांडण झालं होतं हे खरं. उसाच्या शेंड्याकडचं हिरवं वाढं तोडणाऱ्यांनी घ्यायचं, अशी रीत. ते चारा म्हणून विकतात. धाकट्याला ते स्वतःच्या गुरांसाठी हवं होतं, त्यावरून शिवीगाळ झाली.

"साहेब, वाढ्यापायी भांडलो मी," मुकादम म्हणाला. "मग वाढंच जाळीन का?"

बोलणं बिनतोड होतं. पण त्यावर मी कोणाला सोडू शकत नव्हतो. धाकट्यानं फिर्यादीत त्याचंच नाव दिलं होतं आणि थोरला साक्षीला तयार होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी पंचांना घेऊन जागेचा पंचनामा केला. बांधाच्या एका अंगाला काळे धांडे उभे, दुसऱ्या अंगाला थोरल्याचा गहू, कापणीला आलेला, पिवळाधमक. मी बांध ओलांडून गव्हात पाय टाकला आणि बूट चिखलात रुतला. मी शेतकऱ्याच्या घरचा आहे. वाळलेल्या गव्हाला कोणी पाणी देत नाही, तो लोळतो, दाणा काळा पडतो. आणि इथं तर फक्त बांधाला लागून असलेली पट्टी भिजवली होती. म्हणजे आग लागणार हे कोणाला तरी आधीच ठाऊक होतं. आपला गहू वाचवायचा मोह त्याला आवरला नव्हता.

धाकट्याच्या बायकोला विचारलं, "काल पाण्याची पाळी कोणाची?"

"आमचीच होती जी. पण भासऱ्यानं, ह्यायच्या मोठ्या भावानं, सकाळीच इंजिन लावलं. मी म्हनलं, पिकल्या गव्हाले कायले पानी? तं माह्यावरच खेकसले."

थोरल्याला ठाण्यात बोलावून बाकावर बसवलं. दम दिला नाही, हात लावला नाही. चहा मागवला आणि त्याच्या भावाचं कौतुक सुरू केलं. काय डोकं, काय मेहनत, तालुक्यात नाव झालं म्हणे! माझ्या बरोबरीच्या एका फौजदाराला तेव्हा नुकतीच बढती मिळाली होती. त्याचं कौतुक ऐकताना माझा चेहरा कसा होत असेल, ते मला समोर थोरल्याच्या तोंडावर दिसत होतं. चहावर साय धरली तरी त्यानं कप उचलला नाही.

"बस करा, साहेब!" तो एकदम ओरडला. "ते इहीर कोनं खोदली? मी खोदली! हाताची सालटं निघाली माही. अन् लोक त्याले पाह्यले येतात. माह्या घरावरून जातात, मले रामराम बी नाही करत. मग काहून नाही पेटवू?"

पोलिसांपुढची कबुली कोर्टात टिकत नाही, म्हणून मी पंचनामा आणि धाकट्याच्या बायकोचा जबाब पक्का केला. आगीच्या जरा आधी थोरल्याला उसाच्या पाचटात वाकलेला पाहणारी एक शेजारीण धाकापोटी गप्प होती, तीही आता बोलली. मुकादमाला सोडलं. तो ठाण्यातून थेट शेतात गेला आणि टोळीनं तोडणीसाठी कोयते हातात घेतले.

वाशीमच्या कोर्टात न्यायच्या आधी धाकटा कोठडीपाशी डबा घेऊन आला. थोरल्यानं डब्याकडे बघितलंसुद्धा नाही. मला म्हणाला, "ऊस तं मातीत गेला ना त्याचा?"

"नाही," मी म्हणालो. "जळका ऊस ठेवला तर रस नासतो. म्हणून कारखाना तो रांग मोडून आधी नेतो. थोडी कपात होईल, पण सकाळीच ट्रक भरून गेले."

अटक करताना हा माणूस रडला नव्हता. आता त्यानं कपाळ बडवून घेतलं.

"म्हंजे साऱ्या गावात त्याचाच पयले गेला?"

धाकटा गजांबाहेर उभा राहून हे ऐकत होता. त्यानं डबा खाली ठेवला आणि निघून गेला.

त्यानंतर आगीचा गुन्हा आला की फिर्यादीचं वैर कोणाशी, हे मी आधी विचारलं नाही. त्याचं कौतुक कुठं झालं आणि ते ऐकायला कोण बसलं होतं, हे विचारलं. बहुतेक वेळा त्या बैठकीत घरचंच कोणीतरी असायचं.