राणीचा पाचवा किलोमीटर

आमच्या शेजारच्या काकांइतका हट्टी माणूस अख्ख्या केडगावात शोधून सापडायचा नाही, आणि सापडलाच तर तो त्यांचा सख्खा भाऊ निघेल. एसटीतली कंडक्टरकी संपून वर्षं झाली, पण काका अजून ड्युटीवरच आहेत. लग्नाच्या मांडवातसुद्धा पाहुण्यांना "पुढं सरका, पुढं लई जागा हाय" म्हणून दामटतात. दारात रिक्षा थांबली की आतली डोकी मोजल्याशिवाय तिला हलू देत नाहीत. माणसांना सरसकट अरेतुरे. अहोजाहो फक्त राणीला, म्हणजे त्यांच्या म्हाताऱ्या कुत्रीला.

जखमी भटक्या कुत्र्यांच्या निवाऱ्यावर पत्रे टाकायचे होते, म्हणून गेल्या उन्हाळ्यात कुत्र्यांची पदयात्रा निघाली. आपलं कुत्रं पाच किलोमीटर चालवायचं आणि ओळखीच्यांनी त्याबद्दल देणगी कबूल करायची. बाकीच्यांनी शहाणपणानं किलोमीटरमागे कबुली घेतली. काकांनी मात्र गल्लीला बजावलं, "पुरे पाच, न्हाईतर शून्य. अर्ध्या वाटंत उतरलो तर काय बी देऊ नका." राणीचं वय तेरा. मी कपाळाला हात लावला आणि सोबत निघालो.

चार किलोमीटर बाईसाहेब ऐटीत चालल्या. शेवटच्या वळणाआधी मात्र मटकन खाली बसल्या. नऊला नोंद बंद होणार होती, पावणेनऊ वाजत आले होते, आणि सगळ्या गल्लीची देणगी त्या चार पायांवर अडकली होती. काकांनी ओंजळीतून पाणी पाजलं, विनवण्या केल्या. ती उठेना. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं.

"काका, उचला तिला. कोण बघतंय?"

"मी बघतोय की."

मला त्यांचा असा राग आला! तिकडं मुकी जनावरं उन्हात पडलेली आणि हे इथं तत्त्व कुरवाळत बसलेत. तेवढ्यात राणीचे मागचे पाय थरथरू लागले. काकांनी तिच्या छातीवर हात ठेवला आणि त्यांचा चेहराच उतरला. त्यांनी तिला खांद्यावर घेतलं.

नोंदीच्या टेबलापाशी पोचलो तेव्हा नऊला दोन मिनिटं होती. गल्ली टाळ्या पिटत होती. गर्दीत आत्ताच उचललं असेल असं समजून टेबलावरच्या मुलीनं शिक्का उचलला.

"थांब पोरी. पाचवा किलोमीटर मी चाललो, ह्या न्हाईत. आमचं शून्य लिव."

टाळ्या थांबल्या. मग आमची दूधवाली मावशी पुढं आली. "ओ काका, देनगी आमची हाय. शून्य लिवनारे तुमी कोन?"

काका भांडायचे थांबले तो मी पाहिलेला पहिला प्रसंग. राणीच्या पाठीत तोंड खुपसून ते नुसते उभे राहिले.

पत्रे पावसाआधी बसले. राणी आता अंगणाबाहेर जात नाही. काका रोज पहाटे एकटेच तीच पाच किलोमीटरची चक्कर मारून येतात, कधी मीही जातो. त्या वळणाआधी ते थांबतात. चपलेत खडा गेला म्हणतात, चप्पल काढून झटकतात. खडा काही पडत नाही. मीही आपला दुसरीकडे बघतो.