चारच्या लाइनीचा फोटो

माझ्या थोरल्या बहिणीच्या सोसायटीत त्या वर्षी गणपतीचा देखावा म्हणून स्वतःचीच इमारत मांडायचं ठरलं. इमारत दिंडोशीतली. खाली खांबांवर पार्किंग, वर चार मजले, प्रत्येक मजल्यावर रस्त्याच्या अंगाला ओळीनं चार घरं. एकावर एक आलेल्या घरांना तिथे लाइन म्हणतात. नाल्याच्या बाजूची शेवटची ती चारची लाइन. ताई १०४ मध्ये एकटी राहते. पुनर्विकासाची बोलणी बरीच वर्षं चालू होती. पाडण्याआधी एकदा इमारत नीट मांडून ठेवू, असं सभेत कुणीतरी म्हणालं आणि सगळे ताईकडे बघायला लागले. निवृत्त होईपर्यंत ती एका आर्किटेक्टच्या ऑफिसात नकाशे काढत होती.

पावसाळ्याआधीच ती टेप घेऊन घराघरांत फिरली. खाली पार्किंगमध्ये तिनं एकेक खांब मोजला. प्रमाण ठरलं एका मीटरला दोन सेंटिमीटर. माउंटबोर्डाच्या, म्हणजे जाड पुठ्ठ्याच्या, भिंती, खिडक्यांना प्लास्टिकचे तुकडे, बाहेर काढलेल्या ग्रिल, कुणाच्या ग्रिलमधली तुळस, कुणाची वाळत घातलेली चादर. ऑफिसात तिला लागलेली सवय अशी, की मोजलं ते कापायचं. आकडा बरा दिसत नाही म्हणून बदलायचा नाही.

देखाव्यांच्या स्पर्धेची पहिली फेरी फक्त फोटोंवर होणार होती. म्हणून मला कांदिवलीहून बोलावणं आलं. मी वर्तमानपत्राच्या डेस्कवर काम करतो. फोटो काढत नाही, पण इतरांनी काढलेले फोटो निवडण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत.

प्रतिकृती ताईच्या जेवणाच्या टेबलावर होती. टेबलाशी सोसायटीचा सेक्रेटरी उभा होता, राहणार ३०४, ताईच्याच वयाचा. हातात नवा मोठा फोन.

"याच्यावर काढ. मागे तीन कॅमेरे आहेत," तो मला म्हणाला. "तुझ्या फोनमध्ये काय, बातम्याच येतात फक्त."

छोट्या वस्तूचा फोटो उभं राहून वरून काढला की ती खेळण्यासारखी दिसते. रस्त्यावर उभ्या माणसाला इमारत जशी दिसते, तिथे लेन्स न्यावी लागते. त्यासाठी फोन उलटा धरून टेबलावर टेकवायचा. मग लेन्स अगदी खाली, प्रतिकृतीच्या पायरीशी येते. तसं केलं. पडद्यावर एकदम खरी इमारत उभी राहिली. सेक्रेटरीनं स्वतःची खिडकी ओळखली आणि तो खूश झाला.

फोनवर चौकटीच्या रेघा चालू होत्या. प्रत्येक मजल्याच्या छज्ज्याची कड त्या रेघेला धरून सरळ जात होती आणि चारच्या लाइनीत शिरताना किंचित खाली मोडत होती. चारही मजल्यांवर, एकाच जागी.

"लेन्सची भानगड आहे ती," सेक्रेटरी म्हणाला. "कडेला सगळं वाकडं येतं. माझ्या लग्नाच्या ग्रुप फोटोत मामा असाच आलाय, तो काय तिरका होता?"

"होता," ताई म्हणाली. "पण वेगळ्या कारणानं."

सेक्रेटरीचं म्हणणं चुकीचं नव्हतं. फोनची रुंद लेन्स कडेच्या रेघा वाकवते. आम्ही लांबचं दाखवणारी लेन्स लावून पाहिली, पण इतक्या जवळ ती चालत नाही. फोन न सांगता रुंद लेन्सवर परत जातो आणि तेच चित्र मोठं करून देतो. मी ऑफिसातल्या फोटोग्राफरचा कॅमेरा आणायचं कबूल केलं. खाली उतरलो तेव्हा पार्किंगमध्ये सुतार एका दाराला रंधा मारत होता. पायाशी भुसा आणि ढलप्यांचा ढीग होता. पावसानं दारं फुगलीत, असं तो म्हणाला. हे २०४ चं होतं. सकाळी ४०४ चं झालं होतं.

पुढच्या रविवारी कॅमेरा नेला. सोबत लांब पल्ल्याची लेन्स आणि तिकाटणं. अशा कॅमेऱ्याची अडचण उलटी असते. पुढची भिंत स्पष्ट आणि मागचा जिना धूसर येतो, आणि धूसर दिसलं की बघणाऱ्याला कळतं, वस्तू लहान आहे. त्याला उपाय म्हणजे लेन्सचं छिद्र बारीक करायचं, उजेड जास्त वेळ आत घ्यायचा, आणि बोटाचा धक्काही नको म्हणून टायमर लावायचा. आम्ही खोलीच्या पार टोकाला, दाराच्या चौकटीत तिकाटणं उभं केलं. तेवढ्या अंतरावरून ती लेन्स रेघा वाकवत नाही.

फोटो फोनच्या फोटोपेक्षा कितीतरी चांगला आला. रेघ त्याच जागी मोडलेली होती.

ताईनं चष्मा पुसला, पट्टी घेतली आणि प्रतिकृतीचे खालचे खांब मोजले. नाल्याकडचा कोपऱ्यातला खांब काडीपेटीतल्या काडीच्या निम्म्या जाडीनं आखूड होता. तिनं तो तसाच कापला होता, कारण पार्किंगमध्ये तो तसाच भरला होता. खऱ्या मापात तीन बोटं.

"मला वाटलं, तिथे पेव्हर ब्लॉक जरा वर आलेत," ती म्हणाली. "पण पार्किंग धुतलं की पाणी कुठे जातं रे?"

पाणी त्याच कोपऱ्यात जातं. गटाराची जाळी तिथे आहे. म्हणजे जमीन तिथे उतरती आहे, आणि तो खांब इतरांपेक्षा उंच भरायला हवा होता. आखूड भरला, म्हणजे खांबच खाली खचला होता.

मी तिला दारांबद्दल विचारलं. कुणाकुणाची दारं फुगली? तिनं बोटांवर मोजलं. २०४, ४०४, तिचं स्वतःचं, आणि सेक्रेटरीचं, ज्याची बायको उगाच खर्च नको म्हणून अजून दार खांद्यानं ढकलत होती. एकच्या, दोनच्या, तीनच्या लाइनीत कुणाचं दार फुगलं नव्हतं. पाऊस तर सगळ्यांवर सारखाच पडला होता.

त्याच दुपारी आम्ही समोरच्या इमारतीच्या गच्चीवर गेलो. तिथल्या वॉचमनला ताई ओळखते. तीच लेन्स, तेच तिकाटणं, बरोबर मध्यावर. कोन चुकला तर रेघ तिरकी होते, मोडत नाही. कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर आधी प्रतिकृतीचा फोटो पाहिला, मग इमारतीचा. वाळत घातलेली चादर सोडली तर दोन्हींत फरक नव्हता.

गणपती दरवर्षी पार्किंगमध्ये बसतो. मखर त्याच कोपऱ्यात असतं, कारण तिथे गाड्यांची ये-जा नाही. आरतीला सगळी इमारत त्या खांबाभोवती उभी राहते, पोरं पुढे. ताईला मखर तिथे नको होतं आणि इंजिनिअर हवा होता. ती संध्याकाळी दोन्ही फोटो घेऊन ३०४ मध्ये गेली. मी बरोबर होतो. दार उघडताना आतून दोनदा हिसका द्यावा लागला.

सेक्रेटरीनं फोटो शांतपणे पाहिले. पुनर्विकासाची सही होत आली होती. आत्ता कुणी इंजिनिअर आणला, तो इमारत धोकादायक म्हणाला, तर बिल्डर भाव पाडणार, आणि लोकांना हातात करार नसताना बाहेर पडावं लागणार. हे तो आम्हाला समजावून सांगत होता, आणि त्यातलं काही खोटं नव्हतं.

"आणि फोटोचं काय," तो म्हणाला, "हे बघ." त्यानं प्रतिकृतीचा फोटो स्वतःच्या फोनवर घेतला, अंगठ्यानं थोडा फिरवला, कड आत ओढली. "झकास. हाच पाठवू."

सगळ्या रेघा सरळ होत्या. ताईनं फोन हातात घेऊन नीट पाहिला.

"तुझं घर कुठंय यात?"

त्यानं पाहिलं. कोपरा कापला गेला होता. फोटोतली इमारत तीनच्या लाइनीशी संपत होती.

"माझंही गेलं," ताई म्हणाली. "चहा नको. निघतो आम्ही."

आम्ही बाहेर पडल्यावर दार लागलं नाही. त्यानं ते आतून दाबलं, परत दाबलं, आणि मग तसंच राहू दिलं.

दोन-चार दिवसांनी ताईचा फोन आला. मंडपाचे बांबू फाटकाशी, उघड्यावर रोवले जात होते. पार्किंगमध्ये वारा येत नाही, असं कारण सेक्रेटरीनं फळ्यावर लिहिलं होतं. इंजिनिअरही आला. त्यानं खांबाला हातोडी लावली तेव्हा गिलावा पापडासारखा सुटला आणि आतल्या सळ्या हातानं चुरल्या. जमिनीखालची सांडपाण्याची जुनी लाइन फुटली होती. कोण जाणे किती पावसाळे ते पाणी पायाखालची माती नेत होतं. लोखंडी टेकू लागले. चारची लाइन रिकामी झाली. बाकीच्यांनी अहवाल येईपर्यंत राहायला हरकत नाही, असं सांगण्यात आलं. देखाव्याला प्रतिकृती ठेवली नाही. स्पर्धेला फोटो गेला नाही.

ताई आता माझ्याकडे कांदिवलीला आहे. सेक्रेटरी बायकोसह चारकोपला भाड्यानं राहतो. प्रतिकृती आमच्या हॉलमध्ये खिडकीशी आहे. तिच्या पार्किंगमध्ये ताईनं टेकू बसवले आहेत, मापात, दाभणाच्या तुकड्यांचे. इंजिनिअरनं लावले तेवढेच, एकही जास्त नाही. कॅमेरा मी अजून परत केलेला नाही. फोटोग्राफरनं दोनदा विचारलं.

गेल्या आठवड्यात सकाळी ताईचा फोन वाजला. २०३ मधल्या वहिनी होत्या. ख्यालीखुशाली झाली. मग ताई ऐकत राहिली.

"सुताराचा नंबर देते," ती म्हणाली. "पण दार कुठलं घासतंय, पुढचं की बेडरूमचं?"

पलीकडून उत्तर आलं. आवाज मोठा होता, मलाही ऐकू येत होता. बेडरूमचं, चारच्या लाइनीला लागून असलेलं. पावसानं फुगलंय, दुसरं काय.

पाऊस दिवाळीआधीच गेला होता. सकाळी आम्ही पंखा बंद ठेवायला लागलो होतो.

ताईनं नंबर सांगितला नाही. "तुम्ही आज घरात थांबू नका वहिनी," एवढंच म्हणाली, आणि फोन ठेवून खुंटीवरची पिशवी काढली. मी कॅमेऱ्याची बॅटरी चार्जिंगला लावली.