वरचे चार मेन

बायको जाऊन आठ महिने झाले. तिच्याबद्दल चार चांगल्या गोष्टी लिहा म्हणून मुलीने वही आणून दिली. लिहायला बसलो की हीच गोष्ट आडवी येते. मी चौथी शिकलेलो, जमेल तशी लिहितो.

मी वायरमन. डोंबिवली पूर्वेला धडाधड बिल्डिंगा उठत होत्या, तेव्हा आम्ही राहतो त्या बिल्डिंगचं वायरिंग मीच केलेलं. तळमजला आणि वर तीन मजले, मजल्याला चार घरं. सोळा मीटर, आणि प्रत्येक मीटरखाली त्या घराचा मेन स्विच. सगळे जिन्याखालच्या मीटररूममध्ये, एका फळीवर. नियमच आहे तो, वीज तोडायचे स्विच एका जागी पाहिजेत. मी ज्या मिस्त्रीकडे शिकलो ते म्हणायचे, "घाबरलेला माणूस एकाच ठिकाणी धावतो. त्याला दुसरी जागा शोधायला लावलीस तर तू वायरमन नाहीस, गाढव आहेस."

तळमजल्यावर राहायला आलो तेव्हा बायकोला मीटररूममध्ये नेलं. दिवसा पुरुष कामावर, बिल्डिंगमध्ये बायकाच. तिला म्हटलं, "कोणाला शॉक लागला तर कुठलं मीटर कोणाचं ते बघत बसू नकोस. डावीकडून सुरू कर आणि सगळे खाली पाड." ती दुसरी पास. एकेकावर बोट ठेवत तिने सोळा पाडले, सोळा वर केले. मग नळावर सांगत सुटली, "आमच्या ह्यांनी मला पण वायरमन करून टाकलं."

वर्षभराने बिल्डरने चौथा मजला चढवला. खालच्या फळीवर जागा नव्हती. नवी फळी लावायची म्हणजे भिंत फोडा, चार घरांच्या वायरी खालून वरपर्यंत न्या. बिल्डर म्हणाला, "अरे, परवा लोकांच्या वास्तुशांती आहेत. आज लाइट पेटव, बाकीचं नंतर बघू." मी एकच जाड केबल वर नेली आणि गच्चीच्या दाराजवळ लाकडी पेटी ठोकली. वरच्या कप्प्यात काचेमागे मीटर, खालच्या बंद कप्प्यात चार मेन. कुलूप लावून किल्ली खिशात टाकली. मीटर दिसत होते, मेन दिसत नव्हते. लोकांना वाटायचं, सगळ्यांचे मेन खाली आहेत तसे यांचेही असणार. चुकीचं आहे हे मला कळत होतं. नंतर खाली आणू म्हटलं. बायकोला सांगायचं राहिलं. राहिलं कसलं, सांगितलं असतं तर तिने विचारलं असतं, असं का केलंत.

पुढे एकदा सकाळी चौथ्या मजल्यावरची सून गॅलरीत कपडे वाळत घालत होती. लोखंडी तारेवर दिव्याची वायर घासून उघडी पडलेली. ओलं लुगडं टाकलं आणि हात चिकटला. मी कळव्याला कामावर गेलेलो. ओरडा ऐकून माझी बायको मीटररूममध्ये धावली. होते तेवढे सगळे पाडले. जिन्यात येऊन वर ओरडली, "बंद केलंय. धरा तिला, ओढा."

तिच्या शब्दावर सासूने सुनेला धरलं. सासूही चिकटली.

शेजारच्या माणसाने बांबूने हात सोडवला म्हणून दोघी वाचल्या. सुनेची दोन बोटं कायमची वाकडी झाली. सासू आपटली, तिचा खुबा मोडला.

संध्याकाळी मी आलो तर जिन्यात माणसं जमलेली. त्या सुनेचा नवरा माझ्या बायकोला म्हणत होता, "आमच्याकडे दिवा चालूच होता. मोजता येत नाही तर मध्ये पडायचं कशाला?"

"मी सगळे पाडले हो," ती म्हणाली. "अहो, तुम्ही सांगा ना यांना."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. खरं बोललो तर लायसन गेलं असतं, आणि मार पडला असता तो वेगळा. मी म्हणालो, "घाईत राहतो एखादा. बाईमाणूस आहे."

तिने पदर तोंडाशी धरला आणि आत गेली.

मग नळावर सुरू झालं. "मेनवाली आली, हंडे मोजून घ्या गं." तिने घरातल्या बटणांना हात लावणंच सोडलं. "अहो, तेवढा पंखा लावा." मी नसलो तर घामात बसून राहायची.

पंधरा दिवसांनी, एका रविवारी, मी भिंत फोडून ते चार मेन खाली आणले. लोकांना दुरुस्ती म्हणून सांगितलं. येता-जाता एकजण म्हणाला, "बायकोने करायचं, नवऱ्याने निस्तरायचं." त्याच्या घरून चहा आला, तोही मी प्यालो. बायको शिडी धरून उभी. काम झाल्यावर डावीकडून बोट ठेवत ती मोजत गेली. सोळावर थांबली, मग वीसपर्यंत गेली.

"अहो, हे चार आधी कुठे होते?"

"शिडी नीट धर," मी म्हणालो.

तिने धरली. परत कधी विचारलं नाही. बिल्डिंगमध्येही बोलली नाही, एका वाक्यात सुटली असती तरी. तिला कळलं नसेल अशी मी माझी समजूत घालत राहिलो. शेवटी दवाखान्यात नर्सला बोलवायची बेल उशाशी होती. तेव्हाही म्हणाली, "तुम्ही दाबा." मी दाबली. सांगायला सबंध दुपार होती. मी विचारलं, पाणी देऊ का.

परवा चौथ्या मजल्यावर गेलो. ती सून आता केस पिकलेली बाई आहे. दारातच सांगितलं, माझ्या बायकोने सगळे पाडले होते, तुमचा मेन मी वर लपवलेला.

तिने वाकड्या बोटांनी दाराची कडी धरून ठेवली. म्हणाली, "काका, हे मला कशाला सांगता आता? त्यांना सांगायचं होतं."

आत या म्हणाली नाही. मी जिना उतरलो.