छोटूला फक्त तवा

आधी चहा सांगा, कारण मी काय करून बसलो ते ऐकल्यावर तुम्ही मला चहा विचारणार नाही. सरकारी नोकरीत साहेबांची मर्जी राखता राखता माणसाचा जन्म जातो, हो ना? आणि मी काय केलं? भर रविवारी, बनियनवर बसून, साहेबांना गोळ्या घातल्या. एकदा नाही हो, मॅच संपेपर्यंत.

थांबा, नीट सांगतो.

तेव्हा माझी पुण्याला बदली होऊ घातली होती. फाइल साहेबांच्या टेबलावर होती, फक्त सही बाकी. आमच्या सुलूला, म्हणजे बायकोला, दिल्लीचा उन्हाळा नकोसा झालेला. तिनं सरोजिनी नगरच्या क्वार्टरमधला कूलर शेजारणीला देऊनसुद्धा टाकला होता. पुण्यात कशाला लागतोय म्हणाली. उत्साह बघा.

साहेब नुकतेच गुडगावच्या एका नव्या टॉवरमध्ये राहायला गेले होते. बाहेर रस्ता नव्हता, नळाला पाणी नव्हतं, पण इटालियन मार्बल होता. घरात ब्रॉडबँड आलं आणि पाठोपाठ भाचा आला. हा भाचा मानेसरला गाड्यांच्या कारखान्यात इंजिनिअर. त्यानं मामांना ऑनलाइन गेमचा नाद लावला. बंदूक घेऊन पळायचं आणि दिसेल त्याला उडवायचं. पण तिथं जगभरातली पोरं साहेबांना मिनिटभरात आडवं करायची. त्या बिचाऱ्यांना काय ठाऊक, हे जॉइंट सेक्रेटरी आहेत म्हणून?

एक दिवस साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "पाटणकरजी, सुना है आपकी बिटिया ये सब खेलती है. अपना कोई प्राइवेट मैच हो सकता है क्या? बाहर का कोई नहीं चाहिए."

मी म्हटलं, बिल्कुल सर. तो गेम कशाशी खातात तेही मला माहीत नव्हतं. पण सही बाकी होती ना.

घरी येऊन ऋचाला, म्हणजे आमच्या कॉलेजातल्या कन्येला, शरण गेलो. तिनं समजावलं. गेममध्ये आपली खोली आपण बांधायची, पासवर्ड लावायचा, ज्यांना बोलवायचंय त्यांनाच तो द्यायचा. आणि खोली बांधणारा तिथला मालक. कुणाला कुठलं हत्यार, कुणाला किती ताकद, सगळं तो ठरवणार. हे ऐकलं मात्र, माझ्या अंगात सेक्शन ऑफिसर संचारला. एवढी सत्ता मला मंत्रालयात कधी मिळाली नव्हती.

रविवारी दुपारी खोली बांधून बसलो. पासवर्ड साहेबांना आदल्या दिवशीच अदबीनं सांगून ठेवला होता. दोघं आत आले, मामा आणि भाचा. पण पडद्यावर नावं काय? एक 'बब्बर शेर' आणि दुसरा 'छोटू'.

"बाबा, फोन करून विचारून घ्या ना, साहेब कुठले ते," ऋचा म्हणाली.

"वेडी आहेस का? साहेबांना कुणी विचारतं, तुम्ही कोण म्हणून?"

आणि विचारायचंय काय त्यात? ज्याच्या दारावर हातभर पितळी पाटी, तो माणूस छोटू असेल? मी सेवाज्येष्ठतेनुसार वाटप केलं. शेरला चिलखत, जीप आणि सगळ्यात मोठी बंदूक. छोटूला तवा. हो, त्या गेममध्ये तवाही हत्यार असतो. मी स्वतःला साधी बंदूक ठेवली. म्हटलं, साहेबांच्या देखत त्यांच्या भाच्याला लोळवू, खूश होतील.

मॅच सुरू झाली. छोटू तवा घेऊन विहिरीमागे लपला. मी टिपला. परत उभा राहिला, परत टिपला. शेर जीपमधून ऐटीत फिरत होता. मध्येच त्यानं लिहिलं, 'थँक्यू अंकल'. मी हरखून गेलो. एवढा मोठा माणूस आणि केवढा विनोदी स्वभाव.

मग छोटूनं लिहिलं, 'पाटणकर??'

आगाऊपणा बघा कार्ट्याचा. नावापुढे जी नाही, काही नाही. मी त्याला पाठीमागून उडवला.

मॅच संपली. शेरचा निरोप आला आणि ऋचानं तो मोठ्यानं वाचला. "अंकल, मामाजी उठके चले गए. बोले, अब मैं छोटू के नाम से कभी नहीं खेलूँगा."

आतून सुलूनं विचारलं, खूश झाले का हो साहेब? मी म्हटलं, फार.

सोमवारी केबिनमधून बोलावणं आलं. साहेब म्हणाले, बैठिए. मी बसलो, खुर्चीच्या कडेला.

"पाटणकरजी, बैडमिंटन में सारा ऑफ़िस मुझसे हारता है. शटल नेट में जाए तो भी पॉइंट मेरा. कल पहली बार किसी ने मुझे दिल से मारा. तवा पकड़ाकर मारा." साहेबांचे डोळे चक्क पाणावले होते. "ऐसे निडर आदमी को मैं पुणे जाने दूँ?"

आणि माझ्यासमोर फाइल ओढून त्यांनी सही केली. नामंजूर.

पुण्याला बत्रा गेला. बॅडमिंटनमध्ये सगळ्यात जास्त हरणारा बत्रा. त्याला पुण्यात थंडी वाजते म्हणे.

तेव्हापासून दर रविवारी आमची प्रायव्हेट मॅच असते. मी हरायचा जिवापाड प्रयत्न करतो. बंदूक खाली टाकून साहेबांसमोर नुसता उभा राहतो. गेल्या आठवड्यात त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "आजकल आपका फ़ॉर्म ठीक नहीं है, पाटणकरजी. लेकिन चिंता मत कीजिए. जब तक फ़ॉर्म वापस नहीं आता, मैं आपको कहीं नहीं भेजूँगा."

सुलूनं नवा कूलर आणलाय. मला त्याच्यासमोर बसायची परवानगी नाही.